कोकणातल्या घरी पाहुणे ठेवायचे आहेत? कागद या क्रमाने जमवा

मालवण, वेंगुर्ले, देवगड, गुहागर, दापोली, कुठेही जा, एक प्रश्न हमखास कानावर येतो: "घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत, होमस्टे सुरू करू म्हणतोय. पहिल्यांदा कुठे जाऊ?" बहुतेक जण सांगतात, चांगले फोटो काढा आणि एअरबीएनबीसारख्या बुकिंग अॅपवर टाका, कागदपत्रांचं मागाहून बघू. माझं सांगणं नेमकं उलट आहे. आधी घरातली माणसं, मग ग्रामपंचायत, मग पर्यटन संचालनालय, आणि अॅप सगळ्यात शेवटी.

त्याला कारण आहे. रात्री गाडी वाटेत लावली, गाणी मोठ्याने लावली, सांडपाणी शेजारच्या वाडीत गेलं, तर शेजारी अॅपकडे तक्रार करत नाही. तो ग्रामपंचायतीत जातो, फारच झालं तर पोलीस ठाण्यात. त्या दिवशी हातात नाहरकत दाखला आणि नोंदणी असेल तर बोलणं वेगळं होतं, नसेल तर वेगळं. सिंधुदुर्गाला १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केलं, आणि तारकर्ली-देवबागच्या कितीतरी घरांनी न्याहारी-निवास योजनेवर संसार उभे केले. वाट मळलेली आहे. फक्त पावलं क्रमाने टाकायची.

पहिलं: घरात राहणार कोण?

कागद काढण्याआधी याचं खरं उत्तर स्वतःला द्या, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

न्याहारी-निवास किंवा होमस्टे म्हणून सरकार ज्या घराला ओळखतं, ते मालकाचं राहतं घर असतं. मालक किंवा त्याचं कुटुंब तिथेच राहतं आणि उरलेल्या खोल्या पाहुण्यांना देतं. केंद्राच्या ‘अतुल्य भारत’ न्याहारी-निवास योजनेत ही अट स्पष्ट आहे, आणि खोल्यांची मर्यादाही: जास्तीत जास्त सहा खोल्या, बारा खाटा. सवलती मिळतात त्या या अटीमुळेच. घर हे घरच राहिलं, हॉटेल झालं नाही, म्हणून त्याच्याकडे घर म्हणून बघतात.

आता मुंबईकर वाचकांसाठी. तुम्ही विरारला, आईवडील राहिले नाहीत, गावचं घर गणपतीला आणि मे महिन्यात उघडतं, एरवी किल्ली शेजारच्या काकांकडे. हे घर काकांच्या जिवावर पर्यटकांना द्यायचं असेल तर तो होमस्टे होत नाही. तो भाड्याचा बंगला झाला, आणि त्याची घरपट्टी, वीज, परवानग्या धंद्याच्या हिशोबाने बघितल्या जाऊ शकतात. तसं करू नये असं मी म्हणत नाही. पण अर्जात "मी येथे राहतो" असं लिहून देऊ नका. पाहणीला आलेला माणूस स्वयंपाकघरात डोकावला की घर राहतं आहे की नाही ते त्याला लगेच कळतं. कुटुंबातलं कुणी गावी राहायला तयार असेल, एखादी वहिनी, निवृत्त झालेला भाऊ, तर व्यवसाय त्यांच्या नावे उभा करा. ते जास्त सरळ आणि जास्त टिकणारं.

दुसरं: घर कोणाच्या नावावर आहे?

कोकणात अर्ज सगळ्यात जास्त अडतात ते इथे. घर आजोबांनी बांधलेलं, उतारा अजून त्यांच्याच नावे, वारस तीन गावांत आणि दोन शहरांत पांगलेले.

ग्रामपंचायतीतून घराचा असेसमेंट उतारा काढा. हा नमुना ८ चा उतारा. तलाठ्याकडे मिळणारा जमिनीचा ८ अ वेगळा. नाव सारखं असल्यामुळे लोक एकाच्या जागी दुसरा जोडतात आणि अर्ज परत येतो. असेसमेंटवर घर क्रमांक, मालकाचं नाव, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि वापर लिहिलेला असतो. प्रत्येक रकाना वाचा. मागच्या बाजूला नवीन दोन खोल्या आणि न्हाणीघर बांधलं असेल आणि उताऱ्यावर ते नसेल, तर पाहुण्यांना नेमक्या त्याच खोल्या द्यायच्या आहेत हे लक्षात घ्या. वाढीव बांधकामाची परवानगी आणि नोंद आधी मार्गी लावा.

मालक वारले असतील तर वारस नोंद करून घ्या. घर सामायिक असेल तर प्रत्येक सहहिस्सेदाराचं लेखी संमतीपत्र घ्या: कोणत्या खोल्या, कोण चालवणार, खर्च कोणाचा, उत्पन्नात वाटा आहे की नाही. तोंडी "कर रे तू, आमचं काय" यावर विसंबू नका. पहिल्या वर्षी कुणी काही बोलत नाही. घर चाललं, खोल्या भरायला लागल्या, की मग प्रश्न निघतात, आणि भाऊबंदकीत एका हिस्सेदाराच्या हरकतीच्या अर्जाने ग्रामपंचायत हात आखडता घेते. संमतीपत्रात एक वाक्य जरूर घाला की या व्यवसायामुळे कोणाच्याही मालकी हक्कात बदल होत नाही. लांबच्या चुलतभावाला हीच भीती असते. ती कागदावर दूर झाली की सही लवकर मिळते.

तिसरं: समुद्र किती लांब?

घर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल, किंवा खाडीकाठी असेल, तर किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियम लागू होतात का ते बघा. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत आपल्यासारख्यांसाठी एक महत्त्वाची तरतूद आहे: स्थानिक रहिवाशांना, मच्छीमारांनासुद्धा, आपल्या असलेल्या घरात होमस्टे चालवता येतो, मात्र घराचं जोतं, आराखडा आणि दर्शनी रूप बदलता कामा नये.

म्हणजे जुन्या जांभ्याच्या घरात खोली रंगवली, आतून न्हाणीघर नीट केलं, पडवीला जाळी लावली, हे वेगळं. आणि समोर माडांच्या मध्ये चार लाकडी कॉटेज उभारली, हे अगदी वेगळं. कॉटेजसाठी कर्ज काढण्याआधी सीआरझेडचा नकाशा बघा. शेजाऱ्याने बांधलंय म्हणून आपलंही चालेल हा हिशोब धरू नका. त्याला नोटीस आलीय का हे तो चारचौघांत सांगत नाही.

चौथं: ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला

इथे वेळ द्या. हा कागद नीट झाला तर पुढचं निम्मं काम हलकं होतं.

आधी घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी भरून पावती घ्या. थकबाकी असताना दाखला मागायला जाऊच नये. मग लेखी अर्ज द्या. ग्रामसेवकाचं पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे, गावात अजूनही भाऊसाहेबच म्हणतात, पण अर्जावर पदनाम नवं लिहा. मजकूर साधा ठेवा. साधारण असा:

*"मी मौजे ____ येथील घर क्रमांक ____ मध्ये कुटुंबासह राहतो/राहते. सदर घरातील दोन खोल्या पर्यटकांना न्याहारी व निवासासाठी देण्याचा माझा विचार आहे. त्यासाठी कोणतेही नवीन बांधकाम करणार नाही. शौचालय, शोषखड्डा व पिण्याच्या पाण्याची सोय घरात आहे. वाहने माझ्या अंगणात उभी केली जातील. कचरा ग्रामपंचायतीच्या सूचनेप्रमाणे देईन. पर्यटन संचालनालयाकडील नोंदणीसाठी नाहरकत दाखला मिळावा."*

सोबत असेसमेंट उतारा, पट्टीच्या पावत्या, ओळखपत्र, संमतीपत्रं आणि घराचा हाताने काढलेला साधा नकाशा जोडा: खोल्या कुठे, विहीर कुठे, शोषखड्डा कुठे, गाडी कुठे. हा नकाशा कुणी मागत नाही, पण द्या. सदस्यांच्या मनात येणाऱ्या शंकांची उत्तरं त्यात आपोआप मिळतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

दाखला बहुधा मासिक सभेत विषय ठेवून, ठराव करून मिळतो. सभेची तारीख विचारून तिच्या आठवडाभर आधी अर्ज पोचवा. सभा हुकली की महिना गेला. हातात आलेल्या दाखल्यावर ठराव क्रमांक आणि तारीख आहे ना, घर क्रमांक उताऱ्याशी जुळतो ना, हे तिथेच उभं राहून तपासा.

सभेत दोन गोष्टींवर चर्चा होते, पाणी आणि सांडपाणी. देवबागसारख्या गावात एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे गोड्या पाण्याची विहीर ही सगळ्या वाडीची ठेव असते. सहा पाहुणे दिवसातून दोनदा शॉवरखाली उभे राहिले तर एप्रिलमध्ये शेजारच्या विहिरीत काय होईल, ही शंका खरी आहे. तिला उत्तर द्या. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास-साठ फूट लांब हवा, आपल्याच नव्हे, शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही. शॉवरऐवजी बादली ठेवली तर पाहुणे कुरकुरत नाहीत, कारण सांगा, समजतात.

घरपट्टीचंही आत्ताच विचारून घ्या. कर वापरानुसार बदलतो. राहत्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या म्हणून आकारणी बदलणार का, बदलली तर सगळ्या घराची की तेवढ्याच खोल्यांची, हे लेखी घ्या. पर्यटन नोंदणी झाली की तिची प्रत देऊन निवासी आकारणीसाठी अर्ज करता येतो.

पाचवं: पर्यटन संचालनालयाची नोंदणी

न्याहारी-निवास योजना पूर्वी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ बघायचं, त्यामुळे लोक अजून "एमटीडीसीचं लायसन" म्हणतात. आता नोंदणीचं काम पर्यटन संचालनालयाकडे आहे. विभागीय कार्यालयात चौकशी करून चालू नमुना आणि चालू शुल्क विचारा. कुणाच्या तरी जुन्या फाइलवरून नक्कल करू नका, नमुने बदलतात.

सहसा लागतात ते कागद: ओळखपत्र, मालकीचा पुरावा, वीजबिल, ग्रामपंचायतीचा दाखला, पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला आणि खोल्यांचे फोटो. मग पाहणी होते. पाहणीत सजावट कुणी बघत नाही. खिडकी उघडते का, न्हाणीघरात पाणी तुंबतं का, आतून कडी लागते का, अग्निशमनाची लाल टाकी आहे का आणि तिची मुदत संपलेली नाही ना, प्रथमोपचार पेटी, जवळच्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर, हे बघितलं जातं.

घरातली बाई हा व्यवसाय सांभाळणार असेल, आणि बहुतेक घरांत तीच सांभाळते, तर नोंदणी तिच्या नावे करा. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ महिला पर्यटन धोरणात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज शासन परत देतं. व्याजदराची मर्यादा १२ टक्के, आणि परतावा सात वर्षं किंवा एकूण साडेचार लाख रुपये, जे आधी होईल तिथपर्यंत. त्यासाठी संचालनालयाची नोंदणी लागते. कर्ज घेण्याआधी विचारा, घेतल्यावर नव्हे. पहाटे उठून घावणे घालणारी, चादरी धुणारी, फोन उचलणारी जर तीच असेल, तर कागदावर नाव आणि बँकेत खातंही तिचंच हवं, असं मला मनापासून वाटतं.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ‘निधी’ पोर्टलवरही नोंद करून ठेवा. ती घरबसल्या होते.

सहावं: वीज, गॅस, जेवण

महावितरणच्या दरपत्रकात घराच्या काही भागातून छोटा व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दर चालू राहतो, पण वापर महिन्याला ३०० युनिटच्या आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल तर. दोन खोल्यांना एसी बसवला की मे महिन्यात हा आकडा सहज ओलांडला जातो. जांभ्याची भिंत, कौलारू छप्पर आणि माळा असलेल्या खोलीला चांगला पंखा बहुतेक महिने पुरतो. एसी बसवायचाच असेल तर आधी गेल्या बारा महिन्यांची बिलं समोर घेऊन हिशोब करा.

पाहुण्यांच्या स्वयंपाकाला घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वापरू नका, तो फक्त घरच्या वापरासाठी आहे. व्यवसायाला १९ किलोचा घ्या. पैसे घेऊन जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी करा, छोट्या उलाढालीला ती सोपी आणि स्वस्त आहे.

दारूबद्दल स्पष्ट सांगते. पाहुणा म्हणतो, "तुम्हीच आणून ठेवा, पैसे देतो." नाही म्हणा. परवान्याशिवाय दारू विकणं किंवा पैसे घेऊन पुरवणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो घरमालक, पाहुणा नव्हे.

सातवं: पोलीस ठाणं आणि नोंदवही

नोंदणीची प्रत जोडून जवळच्या पोलीस ठाण्यात एक पत्र द्या, पोच घ्या. ठाणे अंमलदाराला घर माहीत असणं तुमच्याच सोयीचं.

नोंदवही जाड पुठ्ठ्याची घ्या आणि रकाने आखा: अनुक्रमांक, पूर्ण नाव, वय, पत्ता, मोबाइल, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, कुठून आले, पुढे कुठे जाणार, गाडीचा नंबर, आल्याची तारीख-वेळ, गेल्याची तारीख-वेळ, सही. आलेल्या प्रत्येक माणसाची नोंद, लहान मुलांचीही. "मी एकट्याने बुकिंग केलंय, माझं आधार घ्या, बाकीच्यांचं कशाला?" असं म्हणणारे भेटतात. त्यांना चहा द्या, पण सगळ्यांची ओळखपत्रं बघितल्याशिवाय खोलीची किल्ली देऊ नका. आधारची प्रत घ्यायची तर पहिले आठ अंक झाकलेली घ्या, आणि ती व्हॉट्सअॅपवर पडून राहू देऊ नका. पाहुण्याची माहिती हीसुद्धा आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू आहे.

पाहुणा परदेशी नागरिक असेल तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे गेली पाहिजे. सगळे याला सी-फॉर्म म्हणतात. त्यासाठी आधी पोर्टलवर घराचं खातं काढावं लागतं, आणि ते मंजूर व्हायला वेळ लागतो. म्हणून परदेशी पाहुणा दारात येण्याची वाट बघू नका. आडनाव सावंत, बोलणं मालवणी, पण पासपोर्ट अमेरिकेचा, असा पाहुणाही कायद्याने परदेशीच.

आठवं: आता अॅप

आता फोटो काढा. घर दिसतं तसंच दाखवा. समुद्र सात मिनिटं चालत असेल तर ‘समुद्रासमोर’ लिहू नका. खोल्या तेवढ्याच टाका जेवढ्या नोंदणीत आहेत. घराचे नियम मराठीत आणि इंग्रजीत लिहा: रात्री दहानंतर बाहेर स्पीकर नाही (ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदीच आहे), अंगणात मद्यपान नाही, समुद्रात उतरण्याआधी घरच्यांना विचारायचं. हे शेवटचं ठळक अक्षरात. भरतीची वेळ आणि धोक्याची जागा गावच्या माणसाला माहीत असते, पुण्याहून आलेल्या मुलांना नसते.

कराचं थोडक्यात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. पण बुकिंग अॅपवरून आलं तर खोलीवरचा जीएसटी अॅपवालेच पाहुण्याकडून घेऊन भरतात. रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ५ टक्के आहे. अॅपवाले तुमच्या रकमेतून ०.१ टक्का आयकरही कापू शकतात, विवरणपत्र भरताना तो वजा मिळतो. पॅन दिलेला असेल आणि वर्षाला त्या अॅपवरची विक्री पाच लाखांच्या आत असेल तर व्यक्तीच्या नावावरची ही कपात होत नाही. थेट फोनवर आलेल्या बुकिंगचीही पावती फाडा, आणि पाहुण्यांचे पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका.

तेरेखोलच्या पलीकडे, आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये

घर पेडण्यात किंवा गोव्यात कुठेही असेल तर वरचा क्रम तसाच्या तसा लावू नका. तिथे १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे, आणि पैसे घेऊन पर्यटक ठेवणाऱ्याला गोव्याच्या पर्यटन खात्याकडे नोंदणी सक्तीची आहे. सिंधुदुर्गातली नोंदणी तिथे चालत नाही.

मुंबई-पुण्यातला फ्लॅट असेल तर ग्रामपंचायतीच्या जागी गृहनिर्माण संस्था येते. उपविधी वाचा, संस्थेचं लेखी नाहरकत घ्या. रोज नवी माणसं लिफ्टमध्ये दिसली की पहिला आक्षेप तिथेच येतो. आणि अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून तुम्ही स्वतः भाडेकरू असाल, तर घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय ती जागा पुढे पर्यटकांना देऊ नका.

पहिले पाहुणे

सुरुवात दिवाळीत किंवा मे महिन्यात करू नका. जानेवारीतला एखादा मधला वार निवडा आणि एकच खोली उघडा. त्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना घरी बोलवा, गाडी कुठे लागणार आणि पाणी कुठे जाणार ते प्रत्यक्ष दाखवा, आणि तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये आहे ना ते बघा. रात्री काही त्रास झाला तर पहिला फोन तुम्हालाच यावा. दाखला, नोंदणी, अन्नसुरक्षा आणि अग्निशमन टाकी यांच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून नोंदवहीच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवा, आणि प्रत्येकीच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या.